पाकळ्या चार, पण नाव शेंगेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हिमालयातल्या पदभ्रमणांचा हंगाम सुरू झाला की पुरवण्यांमध्ये आणि वाचकांच्या छायाचित्रांच्या पानांवर डोंगरफुले दिसू लागतात. त्यांत चार पाकळ्यांचे पिवळे किंवा पांढरे फूल असले की खाली बहुतेक वेळा ‘रानमोहरी’ एवढेच छापलेले असते. कधी याच्या अगदी उलट होते. खाली शास्त्रीय नाव जातीपर्यंत दिलेले असते आणि छायाचित्रात वरून टिपलेल्या चार पाकळ्यांखेरीज काहीच नसते. पहिल्या प्रकारात वाचकाला काही कळत नाही. दुसऱ्या प्रकारात चुकीचे कळते आणि तेच पुढे चार ठिकाणी उतरवले जाते, म्हणून हे पत्र.

मोहरीच्या कुळात फुलावरून फक्त कूळ कळते. जात ठरते ती शेंगेवरून, अंगावरच्या लवेवरून आणि बुडाच्या पानांवरून. या कुळात जगभर साडेतीनशेच्या आसपास प्रजाती आणि सुमारे चार हजार जाती आहेत, आणि बहुतेकांची फुले एकाच साच्यातली आहेत. (‘प्रजाती’ हा शब्द मी विश्वकोशाप्रमाणे जवळच्या जातींच्या गटासाठी वापरतो आहे. वर्तमानपत्रांत तो सर्रास जातीसाठी येतो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते.)

आधी कूळ. फुलाला बाहेरून चार निदले (कळीला झाकणारी हिरवट पाने), दोन निदलांच्या मधल्या जागेत एकेक अशा चार सुट्या पाकळ्या, समोरासमोर बसल्याने झालेली फुली. पाकळी तळाशी देठासारखी निमुळती होत जाते. आत सहा पुंकेसर, चार उंच आणि दोन बुटके. मध्यभागी बीजांडकोश, तोही पाकळ्यांच्या तळापेक्षा वर, फुलाच्या आत बसलेला. प्रत्येक फुलाच्या देठाशी एखादे इवलेसे पान असेल अशी अपेक्षा असते, ते इथे बहुधा नसते. अठराव्या शतकात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने या वनस्पतींचा वेगळा वर्ग केला तो या चार उंच आणि दोन बुटक्या पुंकेसरांवरून, आणि त्या वर्गाचे दोन भाग पाडले ते शेंग आखूड की लांब यावरून. डोंगरात गुडघे टेकून बसल्यावर आजही प्रश्न याच क्रमाने विचारायचे असतात. याचा सराव घरी होतो. कुंडीत फुलावर आलेला मुळा किंवा मोहरी घ्या, दहा फुले उघडून पुंकेसर मोजा. नंतर डोंगरावरच्या तीन मिलिमीटरच्या फुलातही ते मोजता येतात.

चार पाकळ्या दिसल्या म्हणजे मोहरीचे कूळ, असे मात्र नाही. सह्याद्रीची सवय झालेल्या डोळ्यांना पिवळी तिळवण ठाऊक असते. तिलाही चार पिवळ्या पाकळ्या, तिलाही लांब शेंग. पण तिचे पान तीन ते पाच पर्णिकांचे (छोट्या सुट्या पानांचे), पंज्यासारखे असते, अंग चिकट असते आणि पुंकेसर सहाहून बरेच जास्त. तिचे कूळ मोहरीचे सख्खे शेजारी, पण वेगळे. तिची शेंग उघडली तर आत मधला पडदा सापडत नाही. हा पडदा काय ते पुढे सांगतो.

हिमालयात सर्वांत जास्त फसवते ते एपिलोबियम. नदीपात्रातल्या गोट्यांमध्ये आणि हिमनदीच्या तोंडाशी त्याचे गुलाबी ताटवे असतात. पाकळ्या चार, खाली शेंगेसारखे लांब काही. पण ते ‘काही’ पाकळ्यांच्या खाली असते. फुलाचा देठ वाटतो तो भागच बीजांडकोश असतो. पुंकेसर आठ असतात आणि पिकल्यावर बियांना कापसाचे झुबके येतात. निळी खसखस, म्हणजे मेकोनॉप्सिस अक्युलिआटा, हिलाही बहुधा चारच पाकळ्या. तिचे पुंकेसर मोजता येणार नाहीत इतके आणि अंगावर काटे. कोरिडॅलिसची शेंग लांबून मोहरीसारखी दिसते, पण त्याच्या फुलाला मागे शेपटी असते. गॅलियमच्या पाकळ्या तळाशी जुळलेल्या आणि पाने खोडाभोवती चक्रासारखी. ऱ्होडिओलाची पाने मांसल, आणि चार पाकळ्या असतील तेव्हा पुंकेसर आठ. एवढी नावे डोक्यात ठेवली तर बहुतेक चुका टळतात.

कुळाचे नियम मोडणारे कुळातही आहेत. लेपिडियमच्या काही जातींत पुंकेसर दोनच असतात आणि पाकळ्या नसल्यातच जमा. कार्डामाइन हिर्सुटा या ओलसर जागी उगवणाऱ्या छोट्या तणात ते बहुधा चार असतात. उलट टोकाला मेगाकार्पिया पॉलिअँड्रा. तीन ते चार हजार मीटरवरच्या कुरणांत पुरुषभर उंच होणारी ही वनस्पती, पिवळसर पांढऱ्या फुलांचे मोठे झुपके, चिरलेली मोठी पाने, आणि पुंकेसर थेट सोळापर्यंत. तिच्या जातिनामाचा अर्थच ‘अनेक पुंकेसरांची’. पुंकेसर मोजून एखादा तिला कुळाबाहेर काढेल. पण तिचे फळ पाहिले की शंका राहत नाही: दोन चपट्या, पंखाळ चकत्या एकमेकींना चिकटलेल्या, एकेक काही सेंटिमीटर रुंद. हिमालयात दुसऱ्या कशाचे फळ तसे दिसत नाही.

आता शेंग. वाटाण्याची शेंग आणि मोहरीची शेंग यांत मूलभूत फरक आहे. वाटाण्याच्या शेंगेत एकच कप्पा, दाणे एकाच कडेला लागलेले. मोहरीच्या शेंगेत मधोमध कागदासारखा पातळ पडदा असतो, दोन्ही बाजूंना कप्पे असतात, आणि पडद्याभोवती दोऱ्याएवढ्या जाडीची चौकट असते. पिकल्यावर शेंगेच्या दोन बाजूंच्या भिंती, म्हणजे झडपा, बहुधा खालून वर सुटत जातात आणि झाडावर चौकट व पडदा तेवढा राहतो. उन्हात तो अभ्रकासारखा चमकतो. (मुळ्याची डिंगरी याला अपवाद. ती आपणहून उकलत नाही. तेव्हा शेंगेचा सराव मोहरीवर करा, मुळ्यावर नको.)

या पडद्यामुळे एक मोठी सोय होते. जूनमध्ये, फुलांच्या सुरुवातीला, पिकलेली शेंग मिळत नाही असे म्हणतात. पण बहुवर्षायू जातींच्या झुबक्यात गेल्या वर्षीच्या वाळक्या दांड्या बहुतेक वेळा उभ्या असतात आणि त्यांवर हे पडदे टिकून असतात. त्यांवरून लांबी, रुंदी आणि चपटेपणाची दिशा कळते. या काटक्यांकडे छायाचित्र घेणाऱ्याचे लक्षच जात नाही. उलट, फुलाच्या चित्रात नको म्हणून त्या बाजूला सारल्या जातात.

हंगामाच्या मध्यावर तर ही अडचणही नसते. या कुळातला फुलोरा खालून वर उमलत जातो. टोकाला कळ्या, त्याखाली फुले, त्याखाली कोवळ्या शेंगा आणि तळाला जून शेंगा, असे सगळे एकाच दांडीवर मिळते. कॅमेरा टोकाशी न नेता दांडीच्या तळाशी न्यायचा.

जून शेंग मिळाली की पहिले माप लांबी आणि रुंदीचे. लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर लांब शेंगवाल्या गटात जायचे: आरॅबिस, कार्डामाइन, एरिसिमम, क्रुसिहिमालया, डेस्क्युरेनिया. कमी असेल तर आखूड शेंगवाल्यांत: ड्राबा, ॲलिसम, लेपिडियम, कॅप्सेला, थ्लास्पी. ड्राबाच्या काही जाती या सीमेवर येतात, त्यामुळे एका शेंगेवर न जाता पाच-सहा मापाव्यात.

दुसरा प्रश्न बहुतेकांना अवघड वाटतो, पण निर्णय त्यावरच होतो. शेंग चपटी असेल तर ती कोणत्या दिशेने चपटी आहे? सुटलेल्या झडपांच्या मागे राहिलेला पडदा पाहा. तो शेंगेच्या संपूर्ण रुंदीइतका असेल, तर शेंग पडद्याला समांतर दाबलेली आहे. ड्राबा, आरॅबिस, ॲलिसम असेच असतात. शेंग रुंद आहे पण पडदा मधून गेलेल्या अरुंद पट्टीसारखा दिसतो, तर ती पडद्याला आडवी दाबलेली आहे, झडपा होडीच्या आकाराच्या आहेत. कॅप्सेला, लेपिडियम आणि थ्लास्पी या बाजूला. न उकललेल्या शेंगेतही हे कळते: झडपेच्या कडेची शिवण शेंगेच्या काठावर आहे की चपट्या बाजूच्या मधोमध, एवढेच पाहायचे. मधोमध असेल तर पडदा अरुंद.

त्यानंतर छेद. बोटांच्या चिमटीत शेंग हलकेच फिरवली की ती गोल आहे, चपटी आहे की चौकोनी, हे लगेच लागते. एरिसिममची शेंग बहुधा चौधारी असते. मग टोक. शेतातल्या मोहरीच्या शेंगेला पुढे निमुळती, झडपेबाहेरची चोच असते. उंच डोंगरावरच्या मूळ जातींत अशी ठळक चोच बहुधा नसते, छोटी बारीक काडी असते किंवा तीही नसते. तिची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी, कारण ड्राबाच्या जाती वेगळ्या करताना ती लागते. शेंगेचा देठ दांडीला चिकटून वर जातो, आडवा पसरतो की खाली वळतो हेही नोंदवावे. शेंग उजेडासमोर धरली तर बियांची सावली दिसते. प्रत्येक कप्प्यात बिया एका रांगेत आहेत की दोन, हे शेंग न फोडता तिथेच समजते.

इथे दोन ठिकाणी घसरायला होते. पाकळ्या गळून चार दिवस झालेली शेंग मापली तर सगळी मापे चुकतात, कारण तिची रुंदी बिया भरल्यावर येते. बोटाला दाणे टणक लागले तरच ती मापायची. दुसरे, सुजलेल्या, वाकड्या, जाड झालेल्या शेंगा. पांढऱ्या तांबेऱ्याची बुरशी या कुळावर जगभर पडते. पानाखाली पांढरे फोड येतात, फुलोऱ्याचा शेंडा फुगतो, फुले हिरवी आणि वेडीवाकडी होतात. अशी दांडी वेगळ्या जातीची वाटते. फोड दिसले की शेजारचे निरोगी झाड शोधावे आणि रोगट दांडीवरून काहीही ठरवू नये.

लवेकडे कोणी पाहत नाही आणि तीच या कुळातली सर्वांत खात्रीची खूण आहे. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे हातभिंग लागते. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचे आणि पान सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणायचे. भिंग लांब धरून पानावर टेकवले तर काही दिसत नाही. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे. पान तोडायची गरज नाही, आपणच वाकायचे. प्रकाश बाजूने यावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर तेच भिंग चिकटवून धरले तर लवेचे छायाचित्रही मिळते. एका टिपणीत चित्र हलते, म्हणून दहा-बारा घ्यावीत.

काय पाहायचे? केस साधा, एकेरी आहे का. टोकाला दुभंगून वाय अक्षरासारखा झाला आहे का. अनेक फाटे फुटून चांदणीसारखा पसरला आहे का. की मध्यावर चिकटलेला, दोन्ही टोके मोकळी, पानावर आडवा पडलेला आहे. हा शेवटचा प्रकार एरिसिममचा. त्याचे केस खोडाच्या लांबीला समांतर, होकायंत्राच्या सुईसारखे पडून असतात, आणि त्यामुळे पिवळ्या किंवा नारिंगी फुलांच्या डोंगरी वनस्पतींत एरिसिमम फूल नसतानाही ओळखता येते. पानावर त्याच्या जोडीला तीन फाट्यांचे केसही सापडतात. ॲलिसमवर चांदण्या. ड्राबावर बहुधा फाटे फुटलेले किंवा चांदणीसारखे केस, त्यांत साधेही मिसळलेले. कार्डामाइनवर फाट्याचा केस कधीच नसतो. असला तर एकेरी, नाहीतर अंग गुळगुळीत. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पानाची कड, खोडाचा तळ आणि शेंग, या पाच जागांची लव वेगवेगळी नोंदवा. ड्राबामध्ये शेंगेवर लव आहे की नाही, यावरून जाती वेगळ्या होतात.

पानांबाबत थोडक्यात. बुडाच्या पानांचा गुच्छ आणि खोडावरची पाने वेगळी पाहायची. खोडावरच्या पानाचा तळ खोडाला कवटाळतो का, तिथे कानासारखे दोन फाटे आहेत का, हा मुख्य प्रश्न. आरॅबिस आणि क्रुसिहिमालया यांत ते बहुधा असतात. कार्डामाइन इम्पेशन्समध्ये पानाच्या देठाशी अरुंद, टोकदार कान असतात, आणि त्या एका खुणेवर ती जवळच्या जातींतून बाजूला काढता येते. शेंगा धरेपर्यंत अनेक जातींचा बुडाचा गुच्छ वाळून जातो. तेव्हा आजूबाजूला न फुललेले गुच्छ शोधायचे, पण लव जुळते याची खात्री केल्याशिवाय ते त्याच जातीचे मानायचे नाहीत. उंचीवर मात्र विसंबू नका. दरीत गुडघ्याएवढी होणारी जात खिंडीजवळ बोटभर राहते.

ओळख प्रत्यक्ष कशी जुळत जाते त्याचे एक उदाहरण. ओढ्याकाठी, बर्च आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या सावलीत, मांडीएवढ्या उंचीची वनस्पती. फिकट जांभळी फुले, पाकळ्या सेंटिमीटरभर किंवा थोड्या मोठ्या. पुंकेसर सहा, चार-दोन, म्हणजे कूळ नक्की. पाने पिसासारखी विभागलेली, दोन्ही बाजूंना काही पर्णिका आणि टोकाला एक, कडा दातेरी. लव असली तर एकेरी. शेंग लांब, चपटी. पिकलेलीला बोट लागताच दोन्ही झडपा खालून सुटून स्प्रिंगसारख्या गुंडाळतात आणि बिया उडतात. झडपांचे हे उडणे कार्डामाइनचे. मोठ्या पर्णिका आणि मोठी जांभळी फुले जोडीला धरली की आपण कार्डामाइन मॅक्रोफायलाशी पोचतो. काश्मीरपासून पूर्वेकडे ही जात सर्वत्र आहे आणि तिची कोवळी पाने भाजीसाठी खुडली जातात. यातले एकेकटे लक्षण घेतले तर पाच-सहा वनस्पतींना लागू पडते.

ड्राबाचे तसे होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ही या कुळातली सर्वांत मोठी प्रजाती आहे, साडेतीनशेहून अधिक जातींची. दगडाच्या फटीत बसलेली हिरवी उशी, बोटभर दांड्या, पिवळी किंवा पांढरी बारीक फुले, चपट्या लंबगोल शेंगा, क्वचित पिळवटलेल्या. रंगावरून विभागणी करावी, तर पिवळ्या ड्राबाच्या पाकळ्या वाळताना फिक्या होतात, म्हणून जुन्या वाळवलेल्या नमुन्यावर रंग भरवशाचा नसतो आणि डोंगरात पाहिलेला ताजा रंग लिहून ठेवणे महत्त्वाचे ठरते. लव, शेंगेवरची लव, टोकाच्या काडीची लांबी आणि दांडीवर पाने आहेत की नाहीत, एवढे सगळे हातात असेल तरच जातीचे नाव घ्यावे. नाहीतर ‘ड्राबाची एक जात’ हे पूर्ण आणि सन्माननीय उत्तर आहे.

या बारीक फुलांसाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारेल. पूर्व लडाखमध्ये ६,१५० मीटर उंचीवर नोंदल्या गेलेल्या सहा सपुष्प वनस्पतींपैकी तीन मोहरीच्या कुळातल्या आहेत: ड्राबा अल्टायका, ड्राबा अलशेहबाझी आणि लडाकिएला क्लिमेसी. यांतली ड्राबा अलशेहबाझी २००८ मध्ये शास्त्राला नव्याने ओळखीची झाली, आणि लडाकिएला ही प्रजाती २०१० मध्ये मांडली गेली. त्याआधी, १९५५ मध्ये, गिर्यारोहक नरेंद्र धर जयाल यांना गढवालमधल्या कामेत शिखरावर ६,४०० मीटरवर मिळालेल्या दोन वनस्पतींपैकी एक याच कुळातली होती. म्हणजे वनस्पतींच्या वस्तीची वरची सीमा सांगणारी ही फुले आहेत. डोंगर तापत असताना कोणती जात किती वर सरकली हे सांगायचे, तर खालची आणि वरची जात एकच आहे ना, हे आधी नक्की असावे लागते. चुकीच्या नावाची नोंद इथे कोऱ्या पानापेक्षा जास्त नुकसान करते.

जयालांच्या त्या वनस्पतीवरून नावांचा आणखी एक पेच कळेल. तेव्हा ती एर्मानिया हिमालयेन्सिस होती. नंतर ती क्रिस्टोलिया झाली, मग डेसिडेरिया, आणि आता सोल्म्स-लाउबाखिया या प्रजातीत धरली जाते. वनस्पती एकच. तसेच अरॅबिडॉप्सिस हिमालयिका या जुन्या नावाची वनस्पती १९९९ पासून क्रुसिहिमालयात आहे. जुन्या आणि नव्या पुस्तकांत वेगवेगळी नावे पाहून त्या वेगळ्या जाती समजू नयेत. नोंद करताना जातिनामाचा उत्तरार्ध जपून लिहावा; प्रजाती बदलली तरी तो बहुधा टिकतो आणि त्यावरून माग काढता येतो.

आता ‘मूळची’ की ‘आलेली’ हा प्रश्न. गावाजवळ, मेंढ्यांच्या तळावर, तंबूंच्या मोकळ्या जागी आणि घोड्यांच्या वाटेवर मोहरीच्या कुळातली तणे दाटतात. त्रिकोणी, उलट्या हृदयासारख्या शेंगांची कॅप्सेला. नाण्यासारख्या गोल, पंखाळ, वर खाच असलेल्या शेंगांची थ्लास्पी अर्व्हेन्स. बडीशेपेसारखी बारीक चिरलेली पाने आणि निदलांपेक्षाही आखूड पिवळ्या पाकळ्या असलेली डेस्क्युरेनिया सोफिया. शेतातून निसटलेली मोहरी आणि तिची बहीण सरसू किंवा तोरिया. या दोघींना वेगळे करायला वरची पाने पुरतात: मोहरीचे पान तळाशी निमुळते होते, खोडाला कवटाळत नाही, दुसरीचे पान कान काढून खोड कवटाळते. हिमालयातल्या ज्या वनस्पतींना खरोखर ‘रानातली मोहरी’ म्हणता येईल त्या या निसटलेल्याच. घसरत्या दगडांच्या उतारावर, कड्याच्या फटीत, हिमनदीच्या गोट्यांत किंवा बर्फ वितळून झालेल्या चिखलात जे भेटते ते बहुतेक वेळा मूळचे. पण वाटेकडेला दिसले म्हणून परके ठरवू नका. वाट त्यांच्या घरातून गेलेली असते.

छायाचित्रांचा क्रम असा ठेवावा. आधी दहा पावले मागून, जागा दिसेल असे एक. मग पूर्ण झाड बाजूने, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. फूल समोरून आणि बाजूने. बाजूच्या चित्रात निदले आणि फुलाचा देठ यावा. त्यानंतर फुलोऱ्याचा तळ, जून शेंगांसह. एक शेंग तळहातावर किंवा वहीच्या पानावर, पट्टीशेजारी. खोडावरचे पान जिथे जुळते ती जागा. बुडाचा गुच्छ. शेवटी भिंगातून लव. पांढऱ्या फुलात मोबाइल उजेड जास्त घेतो आणि पाकळ्या जळाल्यासारख्या येतात, म्हणून उजेड एक पायरी कमी करावा किंवा आपली सावली पाडावी. वाऱ्यात दांडी बोटांनी तळाशी धरली तरी चालते. उंची, महिना, उताराची दिशा, खडक चुनखडीचा की दुसरा, एवढे लगेच लिहावे. रात्री तंबूत लिहू म्हटले की दोन खिंडींच्या नोंदी एकमेकींत मिसळतात.

मोबाइलवरची ओळख सांगणारी ॲप कूळ आणि कधी प्रजाती बरोबर सांगतात. पण त्यांना जेवढे दाखवले तेवढेच ती पाहतात, आणि वरून टिपलेल्या चार पाकळ्यांवरून ती एखादी युरोपातली परिचित जात बेधडक पुढे करतात. शेंगेचे छायाचित्र दिल्यावर तेच ॲप वेगळे नाव सांगते, हे करून पाहावे. खात्री हवी असेल तर वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागते. हिमालयासाठी डेहराडूनचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आणि वन संशोधन संस्थेचे संग्रह महत्त्वाचे आहेत.

नमुना म्हणून झाड उपटू नये, हे वेगळे सांगायला हवे. बोटभर उंचीच्या ड्राबाची उशी अनेक वर्षांची असू शकते आणि तिचे मूळ दगडात खोल गेलेले असते. राष्ट्रीय उद्यानात तर विनापरवाना फूल तोडणेही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे राष्ट्रीय उद्यान आहे, याचा अनेकांना विसर पडतो. वर सांगितलेल्या सगळ्या खुणा झाड जागच्या जागी ठेवून पाहता येतात. बिया पाहायच्याच असतील तर जमिनीवर गळून पडलेल्या पाहाव्यात आणि तिथेच सोडाव्यात. काही जातींच्या बियांना पाण्याचा थेंब लागताच अळिवासारखा बुळबुळीत थर येतो. अळीवही याच कुळातले, लेपिडियमचे. हाही ओळखीचा एक धागा आहे. चव घेऊन पाहण्याची सवय मात्र सोडावी. तिखटपणा कुळात सगळीकडे आहे, त्याने जात कळत नाही, आणि कूळच चुकलेले असेल तर धोका होतो.

संपादक महोदय, आपल्याकडे एवढीच विनंती, की वाचकांकडून डोंगरफुलांची छायाचित्रे मागवताना शेंगेचे आणि बुडाच्या पानांचे छायाचित्रही मागवावे. छापायला फुलाचेच घ्या, पण नाव ठरवताना बाकीची समोर ठेवा. आणि पुरावा जिथे संपतो तिथे ओळही थांबू द्या. चित्राखाली असे छापता येईल: ‘ड्राबाची एक जात, मोहरी कूळ. दगडी उतार, ४,८०० मीटर, जुलै. पिकलेली शेंग मिळाली नाही.’

आपला,
एक वनस्पती-अभ्यासक वाचक